गालिचा

कल्याणला घर असून मी ठाण्यात एकटा का राहतो, हे तुम्ही सारखं विचारता ना, मग ऐका आता.

लंडनला शिकत होतो तेव्हा बेकार मजूर काम मागायला आमच्या चौकात जमले. घोड्यांवरच्या पोलिसांनी त्यांना दांडक्यांनी झोडपलं. गोऱ्यांनीच गोऱ्यांना. एक म्हातारा डोकं फुटून आमच्या पायरीवर कोसळला. घरमालकीण म्हणाली, "त्याला आत आणू नका, गालिचा खराब होईल," आणि तिनं दार लावलं. मी बाहेरच बसलो, त्याचं डोकं मांडीवर घेऊन, जखमेवर रुमाल दाबून.

परत आलो तर काकांनी ओसरीवरच अडवलं. समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त घे, मग आत ये. आत आई रडत होती, म्हणून कबूल झालो. पंचगव्याची वाटी हातात देताना भटजींनी विचारलं, "तिकडे कोणाला शिवलास?"

मी म्हाताऱ्याची हकिगत सांगितली. मला वाटलं, तो वाचला का एवढं तरी विचारतील.

भटजी म्हणाले, "म्लेंच्छाचं रक्त! याचं प्रायश्चित्त वेगळं. आधी चूक झाली म्हण."

मी वाटी खाली ठेवली. "समुद्राबद्दल म्हणाल ते म्हणतो. त्याला हात लावला ही चूक झाली, असं मेलो तरी म्हणणार नाही."

"मग पायरी उतर," काका म्हणाले.

उतरलो. काकांनी दार लावलं, अगदी त्या बाईसारखं. आणि आमच्या घरात तर गालिचाही नव्हता.