खिमा कुणाचा चांगला

सुरैया : झाकणाला हात लावू नका.

साबीर : नुसतं बघतोय.

सुरैया : बघूही नका. शुवैखच्या गोदामातून दमून आलात, कपडे बदला, बाहेर बसा. आज खिमा मी केलाय.

साबीर : तू?

सुरैया : का? माझ्या हातांना काय झालंय?

साबीर : तसं नाही गं. बीफचा खिमा तू कधी केला नाहीस, म्हणून म्हटलं. गावाला तर सगळा मासळीचाच कारभार.

सुरैया : होता. इथे कुवेतला आल्यापासून पापलेट काचेच्या मागे बर्फावर झोपलेलं बघायचं, भाव वाचायचा आणि ट्रॉली पुढे ढकलायची. चार महिने तेच करतेय. मग रोज खिमा. खिमा-बटाटा, खिमा-मॅकरोनी, खिमा-चणाडाळ. आणि रोज तुमचाच हात.

साबीर : ह्या फ्लॅटचं भाडं भरून जे उरतं त्यात खिमाच बसतो, सुरैया. एकदा आणला की दोन-तीन रात्री निघतात.

सुरैया : खर्चाचं कोण बोलतंय? स्वस्तात भागतंय ते चांगलंच आहे. मी हाताचं बोलतेय. ...बोला.

साबीर : काय बोलू?

सुरैया : तोंड बंद आहे, पण नाक फुगलंय. काय चुकलंय ते बोलून टाका.

साबीर : पाणी सुटलंय. खदखदतोय तो, ऐक. फ्रोझन खिमा असाच असतो. आधी मोठ्या आचेवर नुसता टाकायचा, झाकण न ठेवता. पाणी आटून तडतडायला लागला की मग कांदा.

सुरैया : झालं?

साबीर : तूच म्हणालीस बोला.

सुरैया : बोला म्हटलं, शिकवा नाही म्हटलं. आम्ही यायच्या आधी तिकडे जलीब भागातल्या खोलीत सहा बाप्ये मिळून काय शिकलात, तर खिमा!

साबीर : पाळ्या होत्या आमच्या. माझा मंगळवार. चव बिघडली की पुढच्या मंगळवारपर्यंत ऐकून घ्यायला लागायचं. शिकतो माणूस.

सुरैया : आणि कोबी?

साबीर : कुठला कोबी?

सुरैया : खिम्यात घालता तो. केसासारखा बारीक चिरून.

साबीर : त्याने खिमा वाढतो. शिजून विरघळतो, कुणाला कळतही नाही.

सुरैया : मला कळलं. आपल्या फरहीनच्या मागे मी वर्षानुवर्षं कोबी घेऊन फिरले. ताटाच्या कडेला ढकलायची, मुठीत लपवून शेजारच्या कोंबड्यांना टाकायची. तुम्ही चार महिन्यांत खाऊ घातलात. वर बोटं चाटून विचारते, अब्बा, उरलाय का?

साबीर : मग चांगलंच झालं ना? पोटात गेला.

सुरैया : चांगलंच झालं. म्हणून तर जीव जळतो माझा.

फरहीन : अम्मी, माझा चार्जर बघितलास? अब्बा, आलात? आज काय आहे जेवायला?

साबीर : खिमा. अम्मीने केलाय.

फरहीन : अच्छा.

सुरैया : अच्छा म्हणजे?

फरहीन : अच्छा म्हणजे अच्छा.

सुरैया : कालपर्यंत दारातूनच ओरडत यायचीस, वास आला, वास आला. आज नुसतं अच्छा?

फरहीन : अम्मी, तू ना...

सुरैया : हे घे. फुंकून खा, भाजेल. कसा झालाय?

फरहीन : छान आहे.

सुरैया : अब्बा करतात तसा?

फरहीन : छान आहे म्हटलं ना.

साबीर : अगं, म्हणतेय ना ती छान...

सुरैया : तुम्ही मध्ये पडू नका. फरहीन, माझ्याकडे बघ. अब्बांचा चांगला की माझा?

साबीर : सांगून टाक, बेटा. जे खरं असेल ते. कुणी वाईट वाटून घेणार नाही.

सुरैया : म्हणजे ती तुमचंच नाव घेणार हे धरूनच चाललात?

साबीर : असं कुठे म्हटलं मी?

सुरैया : गालातल्या गालात हसताय.

साबीर : बरं, नाही हसत. पण तिला बोलू तर दे. सांग बेटा, कुणाचा?

फरहीन : गुरुवारचा खारट होता.

साबीर : हां, तो? तो माझाच हात जड झाला. एकदा घातलेलं विसरलो आणि परत घातलं असणार.

फरहीन : तुम्ही एकदाच घातलं होतं, अब्बा.

सुरैया : फरहीन!

फरहीन : तुम्ही मगरिबच्या नमाजाला उभे राहिलात. मी पाणी घ्यायला आले तर अम्मी पातेल्यापाशी होती. मूठभर घातलं तिने.

साबीर : ...सुरैया?

सुरैया : मूठभर नव्हतं.

साबीर : मी तर त्या दिवशी तुम्हा दोघींची माफी मागत होतो. आणि फरहीन, तू दोनदा वाढून घेतलास! पाणी पीत पीत खाल्लास.

फरहीन : मग काय करू? नसता खाल्ला तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि तुम्ही बसला असतात आठवत, मीठ किती घातलं, कधी घातलं. मग अम्मी पकडली गेली असती.

सुरैया : मला वाचवायला कुणी सांगितलं होतं तुला?

फरहीन : कुणी नाही. मी वरच्या मजल्यावर रसिकाकडे जातेय. तिच्या आईने जेवायला बोलवलंय.

सुरैया : आता? इथे ताटं घ्यायची वेळ झाली आणि? एवढं काय केलंय उल्काताईंनी?

फरहीन : वरण-भात.

साबीर : वरण-भात?

सुरैया : नुसता वरण-भात?

फरहीन : वर तूप असतं. आणि लिंबू. आणि तिथे कुणी विचारत नाही कुणाचं चांगलं झालंय. मी जेवते आणि हात धुते. बस. येते मी.

(दार लागतं. पातेल्याची खदखद.)

सुरैया : ओरडा माझ्यावर.

साबीर : नाही ओरडत.

सुरैया : ओरडा ना! अन्न नासवलं मी. पोरीच्या तोंडचं अन्न.

साबीर : का पण?

सुरैया : एक दिवस तिने तुमच्या जेवणाला तोंड वाकडं करावं आणि माझ्याकडे वळून म्हणावं, अम्मी, तूच काहीतरी करून दे ना. एवढंच पाहिजे होतं. मी तव्यावर अंडं टाकायच्या तयारीत बसले होते. आणि ती दोनदा वाढून घेते! मी नासवलेलंसुद्धा तुमचं म्हणून गोड लागलं, असंच वाटलं मला. ती मला झाकतेय हे डोक्यातही आलं नाही.

साबीर : माझ्याही नाही आलं.

सुरैया : ताप आला की उशाशी मी. शाळेच्या फाटकाशी मी. पहिला दात पडला तो छपरावर कुणी फेकला? मी. तुम्ही सुट्टीवर यायचात, चॉकलेटं वाटायचात आणि बॅग भरायचात. माझी एवढी वर्षं, तुमचे चार महिने. आणि पोरगी तुमच्या मागे मागे. हे कसं काय?

साबीर : तुला आठवतं, व्हिडिओ कॉलवर माझं नेटवर्क जायचं?

सुरैया : आठवतं म्हणजे? रोजचंच होतं ते. आम्ही जेवायला बसलो रे बसलो की गेलंच. त्या जलीबच्या टॉवरला काय काय बोलायचे मी.

साबीर : टॉवर चांगला होता.

सुरैया : म्हणजे?

साबीर : मी बंद करायचो फोन.

सुरैया : तुम्ही?

साबीर : तू बांगड्याचे काटे काढून तिला घास द्यायचीस. ती फोनकडे बघायचीच नाही. तोंड उघडून तुझ्या बोटांकडे बघत बसायची. तू म्हणायचीस, अब्बांना सलाम कर, तर मान न वळवता करायची. मला तुझा राग यायचा, सुरैया. दिवसभर खोकी मी उचलायची, बांगडा माझ्या पैशाचा, आणि घास तुझ्या हातचा. बटण दाबायचो आणि खोलीतल्यांना सांगायचो, नेटवर्क गेलं.

सुरैया : मी फोन वर धरून पडवीभर फिरायचे, रेंजसाठी. ती ताटावरून ओरडायची, अब्बा आले का?

साबीर : ओरडायची?

सुरैया : मग? मी परत येईपर्यंत घास घेत नसे.

साबीर : ...हे नव्हतं माहीत मला.

सुरैया : कसं माहीत असणार? बंद केलात ना.

साबीर : मी फोन बंद केला, तू मीठ घातलंस.

सुरैया : बरोबरी करू नका. मी एकदाच घातलं.

साबीर : हो. माझं पुष्कळदा झालं.

सुरैया : आता येतो का राग? खरं सांगा.

साबीर : येतो. परवा तिच्या पोटात दुखलं तेव्हा माझ्या शेजारून उठून तुझ्या कुशीत जाऊन झोपली. म्हणून काल खिमा-मॅकरोनी केली.

सुरैया : तिला आवडते म्हणून?

साबीर : तिला परत माझ्याकडे ओढायला.

सुरैया : आणि आज गेली वरण-भातावर.

साबीर : तूप घातलेल्या.

सुरैया : उल्काताई बाई चांगल्या आहेत हो. पण आज मला मुळीच आवडत नाहीत.

साबीर : मलाही नाही.

सुरैया : हसू नका. खिम्याचा पार गिचका झालाय. काय करायचं याचं?

साबीर : मी बघू?

सुरैया : नको. तुम्ही नुसतं सांगा, करेन मी.

साबीर : झाकण काढ. आच वाढव. आता हलवत राहा, तळाला लागू देऊ नको.

सुरैया : असा?

साबीर : असाच. वेळ लागेल, पाणी बरंच आहे.

सुरैया : लागू दे. पोरगी काय इतक्यात येत नाही.

साबीर : सुरैया, लहानपणी ती काय खायची गं?

सुरैया : कधी, लहानपणी?

साबीर : मी इकडे आलो तेव्हा नुकती चालायला लागली होती. तिथपासून सांग.

सुरैया : पेज. मऊ भाताची. खायची कसली, फुर्रर्र करून माझ्या तोंडावर उडवायची.