चतुराबाईचा अंगठा

पुंडलिकनगरच्या रेशन दुकानातून उमाताईंना दाणासुद्धा न्यायचा नव्हता, कार्ड तेवढं चालू ठेवायचं होतं. त्यांच्यामागं त्यांचीच भांडी घासणारी चतुराबाई उभी होती. तिला चार तोंडांचं महिन्याचं धान्य मिळणार होतं, फक्त मशीनवर अंगठा लागायला हवा होता.

उमाताईंचा लगेच लागला. चतुराबाईनं पदराला पुसून पुसून दाबला.

"नाय घेत, मावशी," दुकानदार काकासाहेब म्हणाले. "रेषाच राहिल्या नाय."

"दुसरं बोट बघा की, भाऊ."

"सगळी बघितली. आठवडाभर भांडी घासू नका, रेषा येतील. महिना संपायच्या आत या, नायतर धान्य गेलं."

"आठवडाभर?" उमाताई वळल्या. "अगं चतुराबाई, माझ्याकडे पाहुणे आहेत!"

"ताई, तुमच्या नळाला आठ दिसानं पाणी. कोरड्या पावडरीनं घासून गेल्या रेषा."

"दुष्काळ काय मी आणलाय?"

"तसं नाय वो. माझी श्रेया येईल बदली."

"आणि तिची शाळा?"

"बुडंल आठवडा."

"बरं. पण मागच्या दारानं ये म्हणावं. पिण्याच्या पाण्याला हात लावायचा नाही."

"ठावं हाय तिला. फकस्त दुपारचं कायतरी खायला द्या. शाळेत खिचडी मिळती तिला."

"बघू, उरलं तर."

आठवड्यानं चतुराबाईचा अंगठा पहिल्याच दाबाला लागला आणि पिशवी भरली. उमाताईंची भांडी एक दिवसही अडली नाहीत. श्रेयाची खिचडी तेवढी गेली, कारण पाहुणे चांगले खाणारे निघाले आणि दुपारी काही उरलंच नाही.