जळीत वॉर्डातल्या दोघी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि रुग्ण सहाय्य समितीचे ज्येष्ठ सभासद आदरणीय शालिग्रामभाऊ, व्यासपीठावर विराजमान असलेले आमचे मोठे डॉक्टरसाहेब, मेट्रनबाई, माझ्या बरोबरीच्या आणि माझ्या मागून आलेल्या परिचारिका भगिनींनो, कक्षसेवक व सफाई विभागातील बंधुभगिनींनो, आणि सकाळच्या एसटीने यावलहून खास आलेल्या माझ्या माहेरच्या माणसांनो, आपणा सर्वांना या प्रमिलाबाई तायडेचा सविनय जयभीम आणि नमस्कार.

डॉक्टरसाहेबांनी आत्ता मला करुणेची मूर्ती म्हटलं. साहेब, आपल्या शब्दांचा मान राखते. पण मूर्तीचे पाय दुखत नाहीत, माझे फार दुखतात. तेव्हा अध्यक्षांची परवानगी असेल तर थोडं या टेबलाला टेकून बोलते.

जळगावात नोकरी सुरू केली, तिथून बदली होऊन इथे धुळ्याला आले, आणि आल्यापासून जळीत वॉर्डातच राहिले. लोक विचारतात, बाई, दुसरा वॉर्ड का मागितला नाही? मागितला होता. मिळाला नाही. पुढे मागायचंही राहून गेलं. आमच्या वडिलांनी, आधारबुवांनी, धम्मदीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होते. संध्याकाळी वंदना झाली की ते आम्हा भावंडांना समोर बसवून सांगत : दुःख आहे, दुःखाला कारण आहे, आणि दुःख संपवायचा मार्गही आहे. बाकीची भावंडं पुढे गेली. मी मात्र आयुष्यभर पहिल्याच वाक्यावर अडकून पडले. रोज सकाळी वॉर्डाचं दार उघडायचं, आणि दुःख आहे.

आपण कौतुक केलंत, त्याच्या बदल्यात काही मोठा उपदेश करावा, एवढी माझी योग्यता नाही. दोन बायकांची हकिकत सांगते. आमच्या जुन्या सिस्टरांना ती माहीत आहे. त्यांनी पुन्हा एकदा ऐकून घ्यावी.

शहाऐंशी सालची गोष्ट. साक्री रस्त्यावरच्या एका खेड्यातून मंदा नावाची मुलगी आली. मुलगीच म्हणते, कारण तेवढीच होती; पण पदरात दोन वर्षांची लेक होती. घेऊन आल्या त्या तिच्या सासूबाई, भिकुबाई. व्हरांड्यात बसून त्या रडत होत्या, आणि रडता रडता शेजारच्या बाईचं तान्हं मूल मांडीवर घेऊन थोपटत होत्या. इतकी वर्षं मी त्या व्हरांड्यातले चेहरे बघत आले. आग कोणी लावली आणि विझवली कोणी, ते चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. दोघींच्याही पदराला रॉकेलचा वास सारखाच येतो.

सकाळी ड्रेसिंग करताना मंदाने मला सांगितलं, सासूने अंगावर डबा ओतला आणि बाहेरून कडी लावली. तिच्या आईलाही तिने तेच सांगितलं. आई म्हणजे झुंबरबाई. दुपारी तहसीलदारसाहेब जबाब घ्यायला आले, सगळ्यांना बाहेर काढलं, आणि मंदाने जबाब दिला, की स्टोव्ह भडकला. 

साहेब गेल्यावर मी तिला विचारलं, असं का गं सांगितलंस? ती आईला म्हणाली, "माय, मनी पोर त्यासना घरमा शे." 

लेक त्यांच्या घरात होती. एवढंच कारण. 

मंदा वाचली नाही. मी पोलिसांना सांगितलं, कोर्टात उभी राहूनही सांगितलं. पण मरणाऱ्या माणसाचा सहीअंगठ्याचा जबाब एकीकडे आणि नर्सचं बोलणं एकीकडे, काय टिकणार? भिकुबाई सुटल्या. मुलगा, निंबा त्याचं नाव, त्याने पुढच्या वर्षी दुसरं लग्न केलं. आणि मंदाची लेक ज्या घरासाठी मंदा खोटं बोलली त्याच घरात वाढू लागली. झुंबरबाई नातीला बघायला गेल्या, तर दार उघडलं नाही.

मंदाचं उत्तरकार्य आटोपल्यावर एका सोमवारी झुंबरबाई वॉर्डाच्या दारात येऊन बसल्या. मी म्हटलं, आता इथे काय राहिलंय, बाई? तर म्हणाल्या, "घरमा जीव नही लागस." मला वाटलं, एक-दोनदा येतील. पण त्या दर सोमवारी आणि गुरुवारी यायला लागल्या. ज्या पोरीजवळ माहेरचं कोणी नाही, तिच्या उशाशी बसायचं. चमच्याने पाणी पाजायचं, वारा घालायचा, ओरडली तर ओरडू द्यायचं. त्यांना कोणी नेमलं नव्हतं, पगार नव्हता. मेट्रनबाईंनी नियमात बसत नसूनही चालू दिलं, त्याबद्दल त्यांचे आज सर्वांसमक्ष आभार मानते.

चार वर्षं अशी गेली. आणि एक दिवस स्ट्रेचरवरून भिकुबाई आल्या.

चुलीवर पाणी तापवताना पदर पेटला होता. उजवा हात, खांदा, मानेपर्यंत भाजलेल्या. वॉर्डात लगेच कुजबुज सुरू झाली, देवाने न्याय केला म्हणून. इथे बसलेल्यांपैकी काहीजणींनी तेव्हा तसं म्हटलं होतं. मी नावं घेत नाही, घाबरू नका. पण भगिनींनो, चुलीला काय ठाऊक कुणाचा पदर कसा आहे? त्याच आठवड्यात एक पाच वर्षांची पोर अशीच चुलीजवळ भाजून आली होती. तिच्यावर कसला न्याय झाला? जिल्ह्यात जळालेलं माणूस दुसरीकडे जाणार कुठे? म्हणून भिकुबाई आमच्याकडे आल्या. निंबाने मान खाली घालून भरती केलं आणि निघून गेला.

आमच्या एक तरुण सिस्टर मला म्हणाल्या, मी हिला हात लावणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मी लावते. मला काही उमाळा आला नव्हता. कंटाळा आला होता, खरं सांगते. वाटलं, माणसांनी एकमेकांना जाळत राहावं आणि आपण मलम लावत राहावं, हे कधी संपायचं?

त्याच दुपारी एक गोष्ट पाहिली. भिकुबाईंच्या शेजारच्या खाटेवर नुकतीच एक सून आली होती. तिचाही स्टोव्हच भडकला होता, तुम्हाला कळतंय मी काय म्हणते ते. ती तळमळत होती, आणि भिकुबाई स्वतःचा ठणका बाजूला ठेवून तिला म्हणत होत्या, "रडू नको वं बेटा, थोडं सोस." त्यात नाटक नव्हतं. इतक्या वर्षांनी मला नाटक ओळखता येतं. ती माया खरी होती, आणि चार वर्षांपूर्वी लावलेली ती कडीही खरी होती. हातात ट्रे घेऊन मी तिथे उभी राहिले आणि मला भीती वाटली. आपण समजतो, वाईट माणसं कुठेतरी वेगळी राहतात, त्यांची जात वेगळी, त्यांचं पाणी वेगळं. तसं असतं तर किती सोपं झालं असतं! त्यांना गावाबाहेर काढून आपण निवांत झोपलो असतो. पण ज्या हाताने पोर थोपटलं, त्याच हाताने कडी लावली. मग आपल्या हाताचा भरवसा कोणी द्यावा?

गुरुवारी झुंबरबाई आल्या. खाटेवर कोण आहे ते त्यांनी दारातूनच पाहिलं, आणि तशाच परत फिरल्या. सोमवारी आल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, तिले पानी पाजानं मनाघाई व्हवाव नही. तिनी खाटखालनी फरशी पुसी देसू."

मी म्हटलं, पाणी नाही पाजलंत तरी चालेल, फरशी पुसलीत तेवढं पुष्कळ झालं. आणि त्या पुसू लागल्या. भिकुबाई तोंड भिंतीकडे करून पडून राहत.

मग एक दिवस ड्रेसिंगला मी एकटीच होते, दुसऱ्या सिस्टर रजेवर. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे. चिकटलेली पट्टी कितीही भिजवली तरी सुटताना जीव जातो. कोणीतरी मनगट धरून ठेवावं लागतं. भिकुबाई हात हिसडत होत्या, आरडत होत्या, माझ्याच्याने होईना. झुंबरबाई खाटेखाली होत्या. मी त्यांना बोलावलं नाही; माझी हिंमतच नव्हती. त्या आपण होऊन उठल्या आणि भिकुबाईंचं मनगट त्यांनी धरलं.

भिकुबाईंनी डोळे उघडले. कोणी धरलंय ते पाहिलं आणि त्या ओरडायच्या थांबल्या. हळूच म्हणाल्या, "तू माले मारी टाकशी."

"नही," झुंबरबाई म्हणाल्या. "हात हालाडू नको."

पट्टी पूर्ण निघेपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही. नंतर त्या व्हरांड्यात जाऊन बसल्या. मी विचारलं, माफ केलंत का त्यांना? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आपण काय विचारलं याची मला लाज वाटली. म्हणाल्या, "माफ नही, बाई. कधीच नही. पन बठ्ठासनं वरडनं सारखंच ऱ्हास." सगळ्यांचं ओरडणं सारखंच असतं.

अध्यक्ष महाराज, आपल्याकडे पुष्कळ व्याख्यानं होतात, मीही ऐकते. पण याच्या पुढचं मला कोणी सांगितलेलं नाही. माणूस दुष्ट का होतो, हे मला आजही कळलेलं नाही. दुखतं कुठे, एवढं कळतं. बोट लावलं की माणूस सांगतो. तिथून सुरुवात करायची. माफी मंदाने द्यायची होती, ती राहिली नाही. न्याय कोर्टाने करायचा होता, तो झाला नाही. आमच्या हातात मनगट होतं.

पुढे काय झालं, तेही सांगते. भिकुबाईंनी कबुली दिली का? नाही. एका शब्दाने नाही. पण घरी जायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी निंबाला सांगून नातीला वॉर्डात आणवलं. शाळेचा गणवेश घातलेली पोर, आल्या आल्या फिनेलच्या वासाने नाक धरून उभी. झुंबरबाई कोपऱ्यात, जागच्या हलेनात. पोरीने विचारलं, ही कोण? घरात कोणी कधी नाव काढलं नव्हतं ना! भिकुबाई म्हणाल्या, "तुनी मायनी माय शे. जाय, तिनाजोडे बठ." पोर जाऊन बसली. झुंबरबाईंनी पिशवीतलं केळं सोलून दिलं. तिने ते खाल्लं आणि आणखी एक मागितलं.

काहीजण म्हणाले, बघा, हृदयपरिवर्तन झालं. झालं असेल. मी कातडीची नर्स, हृदयाचं मला सांगता येत नाही. कोणी असंही म्हणालं, की झुंबरबाईंनी मनगट धरलं ते नातीसाठीच. मी तेही त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, असेलही, त्या वेळी ध्यानात काही नव्हतं. एका सुट्टीत निंबाने पोरीला आजोळी पाठवलं, पुढच्या सुट्टीत नाही. यंदा पाठवलं. असं चाललंय. याला विजय म्हणावं का? मी तरी म्हणणार नाही. पण पोरीला आता आजोळ कुठे आहे ते माहीत आहे.

झुंबरबाईंना मी आज आग्रहाने बोलावलं होतं, माझ्याशेजारी खुर्चीही ठेवायला सांगितली होती. त्या आल्या नाहीत. परवा वॉर्डात एक मुलगी आली आहे, शुद्धीवर आहे, आणि तिच्यापाशी कोणी नाही. त्या तिथे बसल्या आहेत.

आपण दिलेली शाल, श्रीफळ आणि हे प्रेमाचे शब्द मी मनापासून घेते. शालिग्रामभाऊंचे, डॉक्टरसाहेबांचे, मंडप आणि चहाची व्यवस्था करणाऱ्या आमच्या जीवरामनानांचे आणि इतका वेळ शांतपणे बसलेल्या आपणा सर्वांचे आभार. आनंदाच्या प्रसंगी मी हे असलं काढून बसले. कोणाचं मन दुखावलं असेल, बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर थकलेल्या बाईचं बोलणं म्हणून पोटात घाला. इतक्या वर्षांत कोणावर आवाज चढवला असेल, तर तोही.

माझी नोकरी आज संध्याकाळी संपते. अजून संपलेली नाही. चार वाजता त्या मुलीचं ड्रेसिंग आहे आणि आज झुंबरबाई आणि मी, आम्ही दोघीच आहोत. फोटो नंतर काढू. ज्यांना माझ्याबरोबर यायचं असेल, त्यांनी बांगड्या उतरवून, हात स्वच्छ धुऊन या.