मांडणीवरची ताटं

सदरमधल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. त्यांच्या शेजारची कॉलेजातली मुलगी जुन्या भूकंपांच्या आठवणी गोळा करत होती.

“चाळीस वर्षांपूर्वीचा तो धक्का आठवतो, आजी?”

“न आठवाले काय झालं? नंदनवन वस्तीत राहो आम्ही. मी कणीक मळून राहिली होती, अन् मांडणीवरची ताटं वाजली.”

“पेपरात दोनच ओळी आल्या होत्या. धक्का हलका होता, कोणी घराबाहेर आलं नाही.”

“मी आली होती न वं. कणकीच्या हातानं पळत आली.”

“अरे वा! हे लिहायलाच हवं. लोक घाबरून बाहेर पळाले असतील, तर धक्का मोठा धरतात.”

“घाबरून नाही वं. माह्या प्रेमिलाच्या बाबाची फटफटी गल्लीत शिरली का आमची ताटं अशीच वाजत. हिंगण्याहून ड्युटी करून येत ते.”

“मग आले होते ते?”

“कुठून येतील, बाई? त्याईले जाऊन वर्ष झालं होतं. लिही न, थांबली काहून?”

“या फॉर्मात पळण्याचं कारण ‘भीती’ एवढंच दिलंय, आजी.”

“मंग राहू दे ते.”

“शेवटचं विचारते. नंतर पुन्हा धक्का जाणवला?”

“नाही न वं. लय वाट पाहिली. आता सून म्हणते, आई, मांडणी काढून टाकू, ट्रॉलीत ठेवू ताटं. मी नाही ठेवू देत.”

“का?”

“ट्रॉलीत वाजत नाहीत.”