रोडग्याचा घास

आमी मूळचे अचलपूरकडचे, माळ्याच्या घरचे. बाप झेंडू लावे, सांबार लावे, सांबार म्हंजे तुमच्याकडची कोथिंबीर, अन् मोठी बहीन शांताताई थे टोपल्यात भरून परतवाड्याच्या बाजारात बसे, मी तिच्या मांगं मांगं. मले वावराची गोडी कधी लागलीच नाई जी, मले गाडीची गोडी. आंधी जीप चालवली, परतवाड्याहून मेळघाटात, आतबी मानसं अन् टपावरबी मानसं, घाटात बसनारे देवाचं नाव घेत अन् मी गानं म्हनत चालवो. मंग सरकारी अँब्युलन्सवर लागलो. ताई म्हने, काहून रे गजू, हे काय रडारडीचं काम घेतलं. मी म्हनलं, ताई, गाडी चालवाची हाये, माल कोनता का असेना.

आता लोकायले वाटते ड्रायव्हरनं फक्त गाडी पळवाची. तसं नाई. गाडीत एक डॉक्टर अन् एक मी, दोघंच. म्हनून मलेबी शिकवलं, अमरावतीले नेऊन, प्लास्टिकच्या मानसावर. छातीच्या मधात तळहात ठेवाचा, त्याच्यावर दुसरा, कोपर ताठ, अन् दाबाचं, जोरात अन् लवकर लवकर, थांबाचं नाई. आमच्या डॉक्टर मॅडम अकोल्याच्या, वयानं माह्याहून लहान पन बोलनं रोखठोक, म्हनत, गजाननभाऊ, लाजत दाबाल तं मानूस हातचा जाईन.

तं काय सांगू तुमाले, एक दिवस दुपारी परतवाड्याच्या दवाखान्यात पेशंट सोडून आमी निंगालो होतो, अन् फोन आला, वावरात रोडग्याची पंगत हाये, जेवता जेवता एक मानूस पडला. कोनाचं वावर थे सांगितलं अन् मी तठीच गाडी वळवली. थे ताईचं वावर. तिनं नवस फेडला होता, मलेबी बलावलं होतं, ड्युटी म्हनून मी गेलो नवतो. रोडगा म्हंजे गोवऱ्यात भाजलेला कनकेचा गोळा, तुपात चुरला नाई तं घशाखाली उतरत नाई, अन् आमचे भाऊजी, ताईचे मालक, असे घाईचे की चुराले दम नाई, तोडला की तोंडात.

मांगून समजलं काय झालं थे. घास अडकला, भाऊजी गळ्याले हात लावून उभे राहिले, अन् पंगतीतले समदे, ठसका लागला ठसका लागला. कोनी टाळूवर थापटून राहिलं, वर पाहा वर पाहा म्हनून, कोनी तोंडात पानी ओतून राहिलं. आपल्याकडं लहानपनापासून हेच. पन ठसक्यात मानूस खोकलते जी, आवाज निंगते. यायचा आवाजच बंद होता. अशा वक्ताले मानसाले पुढं वाकवाव, पाठीत जोरानं रट्टे द्याव, नाई निंगालं तं मांगून कवळ घालून बेंबीच्या वर झटक्यानं दाबाव. पंगतीतल्यायनं उलटी मान वर केली अन् पानी पाजलं, भाऊजी पडले.

गाडी जवळच होती म्हनून पोचलो. भाऊजी निळे पडलेले, श्वास नाई, नाडी नाई. मॅडमनं इचारलं नाई की तुमचे कोन, म्हने, दाबा. मी गुडघ्यावर बसलो अन् दाबाले लागलो, अन् कट्ट करून बरगडी वाजली, माह्या हातालेच कळलं. ताई आंगावर आली, माहा दंड ओढून राहिली, अरे गजू, मारतं का त्यायले, हाडं मोडून राहिला तू. मी तिच्याकडं पाहिलंच नाई. म्हनलं, ताई, सोड, आता मी तुहा भाऊ नाई. तिच्या दिरानं तिले मांगं धरलं अन् मी दाबत राहिलो, रडू येत होतं अन् दाबत राहिलो. मॅडमनं तोंड उघडून बॅटरी मारली, घास दिसला, लांब चिमट्यानं काढला. मंग तोंडावर मास्क लावून फुग्यानं हवा, मी दाबाव, त्यायनं हवा द्याव, पुना दाबाव. हृदयाले झटका देनाऱ्या मशीनच्या पट्ट्या छातीले लावल्या तं मशीन म्हने झटका नोको, दाबत राहा. दाबतच राहिलो. मंग मॅडम म्हने, थांबा. मले वाटलं, संपलं. त्यायनं मानेवर बोटं ठेवली अन् म्हने, गजाननभाऊ, नाडी आली.

नाडी आली जी! मंग मी गाडी अशी पळवली अमरावतीले, की त्या दिवशी रस्ता माह्या बापाचा होता.

आता भाऊजी ठनठनीत हायेत. झेंडू घेऊन सोता अमरावतीच्या बाजारात जातात, अन् जो भेटन त्याले शर्टाची बटनं काढून सांगतात, पाहा, माह्या साळ्यानं दोन बरगड्या मोडल्या, अन् तरी मी त्याले जेवाले बलावतो. परवा बलावलंच, रोडगेच होते. ताईनं भाऊजीच्या ताटात तूप घालून सोता चुरून देलं. थे हसले अन् छातीले हात लावला, म्हने, थंडीत अजून कळ येते. ताईनं चुलीकडूनच सांगितलं, दुखू द्या, दुखते तवरोक माह्या कपाळाले कुंकू हाये.

मंग मी अजून एक रोडगा मांगतला. तुमीबी या जी कधी, पोटभर जेवा, सावकाश जेवा, लय जगा.