साळवीची गाळलेली पानं

इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. महाराष्ट्र नुकताच झाला होता. देशभर इंग्रजीचं शिक्षण कसं सुधारावं याची योजना दिल्लीत आखत होते आणि शाळांकडून मतं मागवली होती. महाडच्या आमच्या शाळेत इंग्रजीला दोघंच, मी आणि पोलादपूरचा साळवी. दोघांनीही लिहून दिलं. हेडमास्तर मला म्हणाले, "साळवींचं पाठवू. तुमचं अक्षर चांगलं आहे, तेवढं उतरवून द्या."

उतरवताना कळलं, त्याने खरंच सुरेख लिहिलंय. मग तर मी जास्तच जळलो. बारा पानांतली सात गाळली आणि उरलेली पाकिटात घातली.

महिन्याभराने उत्तर आलं. इतकं मुद्देसूद मत दुसऱ्या कुणाचं नाही, साळवींनी मुंबईच्या बैठकीत येऊन भाषण करावं.

साळवी पत्र घेऊन माझ्याकडे आला. "मी तर बारा पानं लिहिली होती रे. मुद्देसूद कशी झाली?"

मला खोटं बोलवेना. "सात मी गाळली. जळून गाळली."

त्याने पत्राची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, "मला थोडक्यात जमत नाय, ते खरंच हाय. मुंबईचं भाषणपण तूच काप."

तोवर मला फक्त त्याच्या इंग्रजीचा हेवा वाटत होता.