तात्यांचा फसलेला ट्रॅक्टर

हसायचे असेल तर आधीच हसून घ्या. मध्ये कोणी हसलेले मला चालत नाही.

आमच्या सूनबाईने शाळेच्या कामासाठी एक लहानसा लॅपटॉप घेतला आहे. सुटीच्या दिवशी ती त्यावर शेतीचा खेळ खेळते, हे पाहून आमच्या यजमानांनी, म्हणजे तात्यांनी, तिला सर्वांसमक्ष सुनावले होते, "घरचं एवढं रान असताना त्या पडद्यावर कसली नांगरट करतीस?"

पुढच्याच आठवड्यात सूनबाई माहेरी गेली आणि तात्या स्वतःच नांगरायला बसले. लॅपटॉप पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला. त्याला तो भार पेलवेना. पडद्यावरचा ट्रॅक्टर चिखलात शिरला आणि तिथेच सगळे ठप्प झाले.

तेवढ्यात ढोकीहून त्यांचे मित्र गणपतराव यांचा फोन आला. "तात्या, कुठं हायसा? येडशीला जायचं व्हतं न्हवं?"

"ट्रॅक्टर फसलाय हो! आज न्हाय जमत," असे सांगून तात्यांनी फोन ठेवला.

तासाभरात गणपतराव स्वतःचा ट्रॅक्टर, लोखंडी साखळी आणि चार गडी घेऊन दारात हजर!

"वहिनी, तुमचा ट्रॅक्टर तर हितं अंगणात उभा हाय. मग फसलाय कोणता?"

आतून तात्या हात जोडून मला गप्प राहण्याच्या खुणा करत होते. परंतु विचारलेल्या प्रश्नाला नेमके उत्तर द्यावे, असे मला वळण आहे.

"दिवाणखान्यातला," मी म्हणाले. "पायातलं बाहेर काढा आणि साखळी घेऊन आत या."